स्टीलहेडसाठी चाळीस गाठी

“सहा वर्षं झाली या गावात. सहा! जेवायला बोलवावं असा एक माणूस जोडता आला नाही, आणि आता म्हणे मासे पकडायला शीक. आमच्या घरात माशाचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा लावत नाहीत… आणि ही तीन पानं भरून काय लिहिलंय, देव जाणे.”

ही कुरकुर सोनलने ऐकली ती मासेमारीच्या सामानाच्या दुकानात, काउंटरच्या खाली, गुडघ्यांवर बसून. गळाच्या दोऱ्यात अडकवायच्या फिरक्यांची पुडी फुटली होती आणि तांदळाएवढ्या पितळी फिरक्या साऱ्या फरशीवर पळाल्या होत्या. वरचा माणूस दुकान रिकामं समजून स्वतःशीच बोलत होता. एकदम वर यावं तर बिचारा लाजेल, न यावं तर आणखी काय काय ऐकायला मिळेल… सोनल थोडा वेळ खालीच थांबली. खोटं कशाला सांगा, मजा येत होती.

मग तिला शिंक आली.

“कॅलेंडर आम्हीही लावत नाही,” वर येत ती म्हणाली. “आमच्याकडे मासे थेट ताटातच असतात.”

समोर एक उंच माणूस उभा होता. केसांवर, भुवयांवर, चष्म्याच्या काचांवर साबुदाण्यासारखे बारीक थेंब. जुलै होता, खरीफ, म्हणजे धुक्याचा पावसाळा, सुरू झालेला. ओमानमधल्या सलालाहच्या खरिफात पाऊस पडत नाही, तो हवेत तरंगत राहतो. डोंगर पुसले जातात, नारळाच्या बागा नुसत्या सावल्या होतात, आणि समोरचा माणूस दोन हातांवर येईपर्यंत ओळखू येत नाही. म्हणूनच की काय, त्या दिवसांत तिथली माणसं जरा जास्तच जवळ येऊन बोलतात.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तरी कान लालच.

“तुम्ही… मराठी?”

“हर्णैची. आणि तुम्ही कऱ्हाडचे.”

“कसं ओळखलं?”

“तुमच्या बॅगेवर लिहिलंय. कुठल्याशा शाळेचं स्नेहसंमेलन, कऱ्हाड.”

तो हसला. हसला तेव्हा डावीकडचा एक दात जरासा आत होता, हे सोनलने पाहिलं. पाहिलं आणि लगेच फिरक्या गोळा करायला लागली, जणू त्या पळूनच जात होत्या.

त्याचं नाव धनंजय. बंदरावरच्या मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये तो रेफ्रिजरेशनचं काम बघायचा. आयुष्यात मासा तोंडात घातला नव्हता, पण टनावारी मासे गार ठेवायचा. “माझा त्यांच्याशी संबंध फक्त तापमानापुरता,” असं म्हणायचा. आता कॅनडाचे कागद झाले होते. तिथल्या नदीकाठच्या एका छोट्या गावातल्या शीतगृहात नोकरी मिळाली होती. बारा सप्टेंबरचं विमान. नव्या साहेबाने फोनवर एकच सांगितलं होतं, की बाबा रे, इथे रविवारी सगळं गाव नदीवर असतं. ज्याला गळ टाकता येत नाही, तो घरात एकटा बसतो.

“आणि मला आता एकटं बसायचा कंटाळा आलाय,” तो म्हणाला. म्हणाला सहज, पण म्हणून झाल्यावर दोघंही क्षणभर साहेबाने पाठवलेल्या त्या तीन पानी यादीकडेच बघत राहिले.

यादीच्या वर ठळक लिहिलं होतं: सॅमन आणि स्टीलहेड.

एवढ्यात मागच्या खोलीतून उल्हासदादा आला. सोनलचा थोरला भाऊ. दुकानाची मालकी अर्बाबची, म्हणजे ओमानी शेठची, पण चालवायचा उल्हास. नऊ वर्षांपूर्वी ट्रॉलरच्या जाळं ओढणाऱ्या विंचमध्ये त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हा वीस वर्षांची सोनल सहा महिन्यांसाठी म्हणून मदतीला आली होती. गळ बांधायचे, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा गुंडाळायचा, जाळ्याचा फाटका तुकडा जोडायचा, सगळ्या गाठी तिच्या. कोळ्यांच्या त्या बाजारात ‘बिंत उल्हास’ची गाठ सुटत नाही म्हणून प्रसिद्ध होती. ती त्याची मुलगी नसून बहीण आहे, हे सांगून सांगून तिने सोडून दिलं होतं. ते सहा महिने अजून संपले नव्हते.

“सॅमन म्हणजे रावस,” दादाने यादी न वाचताच निकाल दिला. “मुंबईच्या हॉटेलात रावसालाच सॅमन म्हणून वाढतात. त्यात काय एवढं! सोनू, जाडा तंगूस काढ. मोठं शिसं दे. कोळंबीचे गळ दे.”

आता रावस हा समुद्राचा मासा, खाडीच्या तोंडाशी येणारा, अंगापिंडाने दणकट. सोनलने आठवडाभर बसून त्याला साजेल असा डबा भरला. धनंजय रोज कामावरून सुटला की यायचा, मान डोलवायचा, “वा, छान,” म्हणायचा. आठव्या दिवशी त्याने मोबाइलवर साहेबाने पाठवलेला फोटो दाखवला. दगडगोट्यांतून खळखळणारी काचेसारखी नदी, आणि तिच्यात गुडघाभर पाण्यात उभा म्हातारा.

सोनलने फोटो पाहिला. हातातलं पाव किलोचं शिसं पाहिलं.

“हे या पाण्यात टाकलं तर मासा मरेल,” ती म्हणाली, “पण डोक्यात लागून.”

“हो ना… मलाही वाटलंच.”

“वाटलंच? हा फोटो कधी आला?”

धनंजयने चष्मा काढून पुसायला घेतला. आत तर धुकंही नव्हतं.

“पहिल्याच दिवशी.”

“मग आठ दिवस मुकाट्याने मान का डोलवत होतात?”

“लगेच सांगितलं असतं,” तो चष्म्याशीच बोलला, “तर पहिल्याच दिवशी काम आटोपलं असतं.”

मागे दादा दोर मोजत होता, तो मोजता मोजता चुकला आणि पुन्हा एकपासून सुरुवात करू लागला. सोनलने सगळा डबा काउंटरवर पालथा केला आणि म्हणाली, “चला. आता नीट वाचू या.”

खरिफात समुद्र खवळलेला असतो, होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, दुकानात गिऱ्हाईक नसतं. संध्याकाळचे दोन तास मग त्या यादीचे झाले. धनंजय इंग्रजी वाचायचा, सोनल त्याचा अर्थ हातांनी लावायची. हलका फ्लोट, म्हणजे पाण्यावर उभा वाहत जाणारा. खाली ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं. मग फिरकी, मग हातभर बारीक तंगूस, आणि शेवटी गळ. माशाला भुलवायचे चकाकते चमचे आणि पाण्यात गरगरणारी पाती निराळी.

“साहेब लिहितो, सॅमन नदीत शिरला की खायचं बंद करतो,” धनंजय वाचत होता. “अंडी घालायची आणि संपून जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.”

“उपाशी? मग आमिषाला लागतो कशाला?”

“रागाने म्हणे. किंवा जुन्या सवयीने. डोळ्यांसमोरून काहीतरी छान रंगाचं सारखं सारखं गेलं, की राहवत नाही.”

सोनलची ओढणी त्या दिवशी आमसुली होती. तिने ती उगीच सारखी केली.

“आणि तो दुसरा? स्टीलहेड?”

“तो वेगळा. नदीत येतो, पण मरत नाही. समुद्रात परत जातो, पुन्हा येतो. आणि तिथला कायदा असा, की जंगली स्टीलहेड सापडला तर हातात घ्यायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा. म्हणून गळाचा तो मागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा.”

हर्णैच्या पोरीला हे काही केल्या पटेना. “सोडायचा? मग धरायचा कशाला इतकं?”

“भेटायला.”

बाहेर धुकं काचेला नाक लावून उभं होतं. सोनलने पक्कड उचलली आणि एकेका गळाचा काटा दाबायला घेतला. टक्… टक्… टक्. मनात म्हणाली, हा शाकाहारी माणूस मला कामातून घालवणार.

साहेबाच्या यादीत वस्तू नावांप्रमाणे लावलेल्या होत्या. सोनलला ते मान्य नव्हतं. नदीत उभ्या माणसाला नाव आठवत बसायला वेळ असतो का? तिने डबे पाण्याप्रमाणे लावले. हिरव्या झाकणाचा डबा नितळ पाण्यासाठी, त्यात सगळं बारीक आणि फिकं. लाल झाकणाचा गढूळ पाण्यासाठी, त्यात मोठं आणि भडक. “आधी पाणी बघायचं,” ती त्याला बजावायची, “मग झाकण उघडायचं. उलट नाही.” आणि स्टीलहेडचा डबा सगळ्यांहून वेगळा, कारण तो मासा हिवाळ्यात येतो.

“तिथे तेव्हा बोटं गारठतात ना?”

“बधिर होतात म्हणे.”

“मग गाठ कशी मारणार? बोटांनी साथ दिली नाही तर माणूस किती अडतो, मला ठाऊक आहे.” ती क्षणभर मागच्या खोलीकडे बघून म्हणाली. “मी इथूनच बांधून देते. चाळीस. एक हिवाळा निघेल.”

गाठही साधी नव्हती. गळाच्या मानेशी एक सैल फास ठेवायचा आणि त्यात लोकरीचा छोटा गोंडा अडकवायचा, लांबून माशाला अंड्यांसारखा दिसेल असा. लोकर आली मंगलावहिनीच्या अर्धवट राहिलेल्या तोरणातून. वहिनी इंडियन स्कूलच्या लायब्ररीत कामाला, घरी आली की क्रोशाची सुई घेऊन बसणारी. तिने गुलाबी, नारिंगी आणि पिवळे गुंडे निमूट काढून दिले. फक्त विचारलं, “हे धनंजयराव मासे पकडायला निघालेत, की माशांना स्वेटर घालायला?”

बांधलेला तंगूस गुंतू नये म्हणून सोनलने आपल्या शिलाई मशीनच्या बॉबिनी काढल्या. एकेका बॉबिनीवर एकेक तंगूस, शेवटी लोकर लावलेला गळ खोचलेला. चाळीस बॉबिनी डब्यात ओळीने बसल्या तेव्हा धनंजयने त्यांच्यावरून बोट फिरवलं, हलकेच, पेटीच्या पट्ट्यांवरून फिरवावं तसं.

“गाठ तुम्ही शिकून घ्या,” सोनल म्हणाली. “पुढच्या हिवाळ्याचं काय?”

“शिकवा.”

तिने शिकवली. एकदा, पाचदा, अकरा वेळा. त्याची गाठ दर वेळी शेवटच्या क्षणी अलगद सुटायची.

“तुम्ही कॉम्प्रेसरच्या तारा जोडता ना हो? केसाएवढ्या?”

“जोडतो.”

“आणि ही एवढीशी गाठ येत नाही?”

“तारा जोडताना…” तो अडखळला. “तारा जोडताना समोर कुणी बसलेलं नसतं.”

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी चौघं वादी दरबातला, डोंगरातल्या ओढ्याच्या खोऱ्यात, गेले. डब्यातलं सगळं एकदा वाहत्या पाण्यात बघायला हवं, हे कारण दादानेच काढलं होतं. दरबात त्या दिवसांत स्वप्नासारखं असतं. हिरव्यागार उतारावर गायी आणि उंट एकत्र चरतात, पाण्यावरून धुक्याचे पडदे सरकतात, आणि कुठूनतरी निखाऱ्यावर भाजल्या जाणाऱ्या मांसाचा वास दरवळत येतो. दादा-वहिनी चटई टाकून वर बसले. हे दोघं खाली पाण्याशी.

गळ लावलाच नव्हता. नुसता फ्लोट सोडायचा आणि तो प्रवाहाच्या चालीने जातोय का ते बघायचं.

“ओढू नका. ढकलू नका,” सोनल सांगत होती. “त्याला पाण्याबरोबर जाऊ द्या. दोरा फक्त उचलून धरायचा. आपण आहोत हे त्याला कळता कामा नये.”

“आणि त्याला कळायला हवं असेल तर?”

“फ्लोटला?”

“हां… फ्लोटला.”

नारिंगी टोकाचा फ्लोट डुलत डुलत धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला. दोरा मात्र धनंजयच्या हातात हलत होता. एक उंट काठावर येऊन दोघांकडे अशा नजरेने बघायला लागला, जशी वरातीतली आत्याबाई बघते. सोनलला हसू आलं. धनंजयही हसला, आणि हसता हसता थांबला.

“सोनल, तुला कधी वाटत नाही का… या दुकानाबाहेर…”

‘तुला’ म्हणाला तो. पहिल्यांदाच. तिने मान वर केली.

“सोनू गोऽ!” वरून दादाची हाक आली. “या थर्मासचं झाकण बसलंय बघ घट्ट. जरा ये गो!”

सोनल उभी राहिली. पाण्याकडे बघत म्हणाली, “फ्लोट आणा मागे. गुंतेल.” आणि ओल्या गवतावरून वर निघाली. तिला तर तिथेच थांबायचं होतं, आणि पाय मात्र सवयीने चढ चढत होते.

त्या संध्याकाळी भांडी विसळताना वहिनीने विचारलं, “विचारलंन् का त्याने काही?”

“विचारू दिलं नाही मी.”

“का गं?”

“आणि विचारलं असतं, तर काय सांगायचं होतं वहिनी? ऑक्टोबरात होड्या सुटतील. दिवसाला दीडशे गळ बांधायचे असतात. दादा बांधणार आहे?”

वहिनीने ताटली पुसली. पुसलेली ताटली पुन्हा पुसली. या घरात या जागेवर येऊन बोलणं थांबायचं, आज नाही, गेली नऊ वर्षं. पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं आणि कुणी म्हणत नव्हतं.

दिवस मग फिरक्यांसारखे हातातून निसटले. धुकं विरळ झालं, डोंगर परत आपल्या जागी आले. धनंजय येतच राहिला. कधी कात्री राहिली म्हणून, कधी बोटभर शिट्टी हवी म्हणून, अस्वलं असतात म्हणे तिथे. आता तो पुन्हा ‘तुम्ही’ म्हणायला लागला होता. सोनलही डब्यात बघूनच उत्तरं द्यायची.

अकरा सप्टेंबरला दुपारी तो डबे न्यायला आला. स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि इतक्या लख्ख उजेडात दोघांनाही एकमेकांकडे बघायची सवय नव्हती. वहिनीही शाळेतून परस्पर दुकानात आलेली. वाटेत खायला म्हणून तिने धनंजयसाठी भाकरवडीचा पुडा आणला होता.

“सगळं तपासून घेऊ एकदा,” सोनल म्हणाली. “पक्कड?”

“आहे.”

“जादा फिरक्या?”

“आहेत.”

“हिरवा डबा…”

“नितळ पाण्याला. आधी पाणी बघायचं.”

“हातमोजे? बोटं उघडी असलेले?”

“आहेत.” त्याने स्टीलहेडचा डबा उघडला, मिटला, परत उघडला. “गाठी बेचाळीस झाल्यात. चाळीस म्हणाला होतात.”

“दोन जास्त बांधल्या गेल्या.” तिने एक बॉबिन सरळ बसवली. “हात थांबला नाही.”

“कॅनडात आता थंडी सुरू होत असेल, नाही?” वहिनी उगीच म्हणाली.

“हो, सकाळी दहा-बारा डिग्री.”

“बारा म्हणजे थंडच की.”

“थंडच.”

हवामान संपलं. बॅग भरली, तिची चेन लावून झाली, पट्टा खांद्यावर चढला. धनंजय दारापर्यंत गेला आणि दारात तसाच उभा राहिला, बाहेरही नाही आणि आतही नाही. सोनल रिकाम्या काउंटरवर फडकं फिरवत होती. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

“येतो मग,” तो म्हणाला.

“या,” सोनल म्हणाली.

“थांब रे.”

हे दादा म्हणाला. दोर मोजायचं टाकून तो काउंटरपाशी आला होता. चेहरा असा, की याला बरं वाटत नाही की काय, असं वहिनीला वाटलं.

“बॅग ठेव खाली. सोनू, तू पण ते फडकं ठेव. मंगला, मध्ये बोलू नको, नाहीतर मला परत जमायचं नाही.”

सोनलने फडकं ठेवलं. दादाने एक मोठा श्वास घेतला.

“हिला पाच वर्षांत तीन स्थळं आली. एकाची पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं मी. जुळत होती. दुसरा पितो म्हणालो, तो पीत नव्हता. तिसऱ्याचं तर हिला कळूच दिलं नाही.” तो सोनलकडे बघत नव्हता, मग बघितलं. “आणि त्या दिवशी दरबातला तो थर्मास… झाकण मंगलाने उघडलं असतं. मीही उघडलं असतं, दातांनी. मला दिसत होतं हा तुला काय विचारतोय ते. म्हणून हाक मारली मी.”

“दादा, असू दे…”

“नाही असू द्यायचं. माझी बोटं तीन गेली गो. त्या तिनांसाठी मी तुझी दहा अडकवून ठेवली. तू आपणहून राहिलीस असं मी सगळ्यांना सांगतो, आणि तूही मान डोलवतेस. पण मी भीतो म्हणून तू इथे आहेस. तू गेलीस तर मला कोण विचारेल, म्हणून. आणि हा पोरगा गळ न्यायला येत नाही, तुला न्यायला येतो. तुलाही जायचंय याच्याबरोबर. जायचंय ना? मग माझ्यासाठी थांबू नको, सोनू.”